अंतिम सामना आणि बाकावरचा गडी

कबड्डीच्या संघात 12 खेळाडू असतात. 7 मैदानात उतरतात, 5 राखीव राहतात. नियमांच्या लेखी हे पाचही जण सारखेच; पण त्यांच्यातला एखादा अख्खा हंगाम पाण्याच्या बाटल्या भरण्यात आणि सहकाऱ्यांचे मोबाइल सांभाळण्यात काढतो. ऐन अंतिम सामन्याआधी मुख्य चढाईपटूचा घोटा सुजला, की सगळ्यांच्या नजरा एकदम या मुलाकडे वळतात. त्याला उतरवावे की नाही? सोलापूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी या बाजूच्या मुलांपुढे हा प्रश्न उभा राहू शकतो, तसा अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्येही तो वारंवार गाजतो. तिथे क्वार्टरबॅक नावाचा गडी संघाची जवळजवळ प्रत्येक चाल आपल्या हातातल्या चेंडूने सुरू करतो. कबड्डीत तेवढेच ओझे मुख्य चढाईपटूवर असते. त्याच्या जागी दुसरा आला की बाकी सहा जणांचाही खेळ बदलतो. एक जुना खेळाडू आणि एक क्रीडाशिक्षक यांच्यातील हा वाद त्याच प्रश्नाचा आहे.

जुना खेळाडू: सर, नवख्याला संधी द्या म्हणणे सोपे आहे. आधी चढाई म्हणजे काय ते पाहा. पकडीला सात जण असतात. एकाचा हात सुटला तर दुसरा धरतो, साखळी तुटली तर कोपरारक्षक सावरतो. चढाईला गेलेला गडी मात्र एकटा असतो. त्याच्याकडे 30 सेकंद असतात आणि समोर सात जोड्या हात. मध्यरेषेपासून निदानरेषा 3.75 मीटरवर असते. ती एकदा तरी ओलांडायची, नाहीतर कुणाला हात न लावता परत आलेला गडी आपोआप बाद होतो. नवखा मुलगा नेमका इथे चुकतो. त्याचे डोळे डाव्या कोपऱ्याच्या हातावर खिळतात आणि स्वतःचा पाय कुठे पडतोय हे त्याला कळत नाही. रेषेच्या वीतभर अलीकडे घुटमळून तो परत फिरतो आणि पंचांची शिट्टी वाजल्यावर चकित होतो. कधी दम उशिरा सुरू करतो, कधी दुसऱ्याची पाळी असताना मध्यरेषा ओलांडतो. यातली एकही चूक त्याला ताकद नाही म्हणून होत नाही. सरावात तोच मुलगा डोळे झाकून रेषा ओलांडतो. गर्दीचा आवाज कानात शिरला की पाय ऐकत नाहीत, आणि तो आवाज सरावात कुठून आणणार? शिवाय हिशेब पाहा. तो बाद झाला की समोरच्यांना एक गुण, त्यांचा बाहेर बसलेला एक गडी आत, आणि आपला एक बाहेर. अशा तीन चढाया फसल्या की संघ चारांवर येतो आणि लोण, म्हणजे अख्खा संघ बाद होणे, डोक्यावर दिसायला लागते. लोणाचे दोन गुण वेगळेच. एका मुलाचे बावरणे पाच मिनिटांत सात जणांचे होते.

क्रीडाशिक्षक: आबा, हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धा आहे. तुम्ही नवख्याची तुलना धडधाकट मुख्य चढाईपटूशी करता आहात आणि तो तर त्या दिवशी उपलब्धच नसतो. खरी निवड तिघांत असते. एक, सुजलेल्या घोट्यावर पट्टी बांधून उतरवलेला जुना गडी. दोन, पकडीतून उचलून चढाईला पाठवलेला कोपरारक्षक. तीन, हा नवखा. लंगडत्या गड्याला समोरचा संघ पहिल्या दोन चढायांत ओळखतो. तो वळतो कुठे, कुठला पाय जपतो, हे कळले की चवड्याला हात घालायला कोपरारक्षक टपलेलाच असतो. त्यात दुखणे वाढले तर मुलाचे पुढचे वर्षही जाते. कोपरारक्षकाला चढाईला पाठवणे दिसायला शहाणपणाचे. पण तो तिकडे बाद झाला की इकडे आपला कोपरा उघडा पडतो, म्हणजे चढाईही गेली आणि पकडही. नवख्याचे एक बलस्थान कुणी मोजत नाही. त्याला समोरच्यांनी पाहिलेले नसते. मुख्य चढाईपटूचे सामने त्यांनी मोबाइलवर चित्रित करून ठेवलेले असतात, त्याची लाथ कुठून येते ते पाठ असते. या मुलाबद्दल त्यांच्याकडे काहीच नसते.

अमेरिकेतले एक उदाहरण पाहा. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाचा पहिला क्वार्टरबॅक 2014 चा हंगाम सुरू होण्याआधीच जायबंदी झाला. दुसऱ्याचा घोटा नोव्हेंबरच्या अखेरीस मोडला. उरला तिसरा, कार्डेल जोन्स. त्याने तोवर एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. त्याची पहिली सुरुवात 6 डिसेंबर 2014 रोजी, आणि तीही विभागीय अजिंक्यपदाच्या सामन्यात. संघ 59-0 असा जिंकला. मग उपांत्य सामन्यात अलाबामा 42-35 आणि 12 जानेवारी 2015 रोजी अंतिम सामन्यात ओरेगॉन 42-20. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाने तीन सामन्यांत राष्ट्रीय अजिंक्यपद आणले.

जुना खेळाडू: असे एक नाव सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, नवखा म्हणजे दडलेला हिरा. जे नवखे अंतिम सामन्यात कोसळले त्यांची नावे कुणाच्या तोंडी नसतात. हरलेल्या संघाच्या बदली गड्यावर कोण लेख लिहितो? जिंकलेल्यांच्या गोष्टी उरतात आणि त्यांच्यावरून आपण नियम बांधतो. दुसरे असे, की त्या मुलाला नवखा म्हणायचे कशाच्या हिशेबाने? तिथला तिसऱ्या क्रमांकाचा गडी हंगामभर पूर्ण संघासोबत, ठरलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखाली रोज सराव करतो. प्रत्येक चाल त्याला पाठ असते. त्याला फक्त सामना मिळालेला नसतो. आपल्याकडे बाकावरच्या मुलाला सरावही धड मिळत नाही. गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. पकडायची म्हणून तो संध्याकाळचा सराव अर्ध्यावर सोडतो. जो थांबतो त्याच्या वाट्याला पकडीच्या सरावात ‘समोरचा’ व्हायचे काम येते. मातीत अनवाणी खेळलेला मुलगा अंतिम सामन्यात बूट घालून मॅटवर उतरतो. मातीत पाय किंचित घसरतो आणि वळायला मदत होते. मॅटवर तो चिकटतो, आणि घोटा, गुडघा वळण घेतात ते शरीराला ओळखीचे नसते. कार्डेल जोन्सचे नाव घेऊन या मुलाला उतरवायचे म्हणजे दुसऱ्याच्या विमा पॉलिसीवर आपले घर जाळायचे.

क्रीडाशिक्षक: मग कबड्डीतलेच घ्या. 19 ऑक्टोबर 2019, अहमदाबाद, प्रो कबड्डीचा सातवा हंगाम. बंगाल वॉरियर्सचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे उपांत्य सामन्यालाही नव्हता, अंतिम सामन्यालाही नव्हता. समोर दबंग दिल्लीचा नवीन कुमार, त्या हंगामातला सर्वांत भरवशाचा चढाईपटू. बंगाल सुरुवातीलाच मागे पडले, लोण बसले. तरी मध्यंतराला 17-17 अशी बरोबरी झाली आणि शेवटी 39-34 असा विजय मिळाला. नवीनने एकट्याने 18 गुण घेतले आणि तरी तो हरला. बंगालच्या चढायांचे ओझे मोहम्मद नबीबक्ष आणि सुकेश हेगडे यांनी वाटून घेतले. मुख्य गडी नसला की संघ संपतो, हा समज त्या दिवशी खोटा ठरला. उलट एकावर विसंबलेला संघच हरला.

जुना खेळाडू: सामना खरा, पण तो माझ्या बाजूचा आहे. नबीबक्ष इराणचा आंतरराष्ट्रीय खेळाडू, सुकेश हेगडे प्रो कबड्डीत सुरुवातीपासूनचा. बंगालने नवख्याला नाही, दोन मुरलेल्या गड्यांना पुढे केले. तुमच्या तीन पर्यायांत बसवायचे तर त्यांनी दुसरा पर्याय निवडला. ज्यांच्याकडे सामन्याचा अनुभव आहे त्यांच्या कामाची वाटणी बदलली. नवख्यांवर विसंबल्याचे उदाहरण पाहायचे तर आपल्या पुण्याचे पाहा. नवव्या हंगामाचा अंतिम सामना, 17 डिसेंबर 2022, मुंबई. पुणेरी पलटणचे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघेही दुखापतीमुळे बाहेर. आकाश शिंदे, आदित्य शिंदे अशा तरुण पोरांवर चढायांची मदार आली. पोरे भ्याली नाहीत, हे खरे. तरी जयपूर पिंक पँथर्सने सामना 33-29 असा काढला. चार गुणांचा फरक. पकड मजबूत, कर्णधार फझल अत्राचली याच्यासारखा जुना जाणता. आणि तरीही ऐन वेळी गुण आणणारा गडी कमी पडला. अंतिम सामना असाच जातो, सर. कुणी चिरडले जात नाही. दोन-तीन चढाया कमी पडतात, बस्स.

क्रीडाशिक्षक: तोच पलटण संघ पुढच्या हंगामात काय करून गेला तेही सांगा की. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाना स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद घेतले, अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली. त्या संघाचा कणा तरुण पोरांचाच होता. 2022 चा पराभव हा त्या विजेतेपदाचा भाग होता, असे म्हणायला जागा आहे.

आणि अनुभव हा शब्द आपण फार ढोबळ वापरतो. मुंबईच्या रणजी संघाचे घ्या. जानेवारी 2017, राजकोट, तमिळनाडूविरुद्ध उपांत्य सामना. निवड समितीने 17 वर्षांच्या पृथ्वी शॉला रणजीतला पहिला सामना तिथेच दिला. पहिल्या डावात 4 धावा. तिथेच थांबले असते तर ‘पोराला घाईने आणले’ असे सगळे म्हणाले असते. दुसऱ्या डावात 120 धावा, मुंबई अंतिम फेरीत. इंदूरच्या अंतिम सामन्यातही पहिल्या डावात 71 धावा त्याच्या होत्या. मुंबई तो सामना हरली. पण समोरच्या संघाच्या पार्थिव पटेलने चौथ्या डावात 143 धावा ठोकल्या म्हणून. त्या पोराचा दोष नव्हता. म्हणजे बिनअनुभवी कोण? रणजीचा अनुभव नव्हता, पण शालेय क्रिकेटमध्ये एका डावात 546 धावा काढण्याचा होता. सामना नवा होता, खेळ नवा नव्हता. आपल्या बाकावरच्या मुलाने गावच्या यात्रेतल्या स्पर्धांत, मातीवर, पेट्रोमॅक्सच्या नाही तरी हॅलोजनच्या उजेडात शंभर चढाया केलेल्या असतात. शिव्या आणि शिट्ट्या त्याने महाविद्यालयात येण्याआधीच ऐकलेल्या असतात. आपण विद्यापीठाच्या नोंदी पाहतो आणि त्याला कोरा समजतो.

जुना खेळाडू: हा मुद्दा मान्य. सामन्याचा अनुभव आणि खेळाचा अनुभव वेगळे. यात्रेच्या मैदानात तयार झालेला मुलगा आणि फक्त वर्गमित्राच्या आग्रहाने नाव घातलेला मुलगा, दोघेही बाकावर शेजारी बसतात. नवखा म्हणून दोघांना एकाच मापाने मोजले ही चूक मोठी. पण शॉचे उदाहरण जिथे मोडते तेही बघा. क्रिकेटमध्ये दुसरा डाव मिळाला. 4 धावांवर बाद झालेल्या पोराला विचार करायला दोन दिवस मिळाले. 40 मिनिटांच्या सामन्यात पहिल्या पंधरा मिनिटांत तीनदा बाद झालेल्या मुलाला काय मिळते? मध्यंतराची पाच मिनिटे, आणि त्यातही भोवती दहा जण ओरडत असतात.

पलटणबद्दल म्हणाल तर व्यावसायिक संघाला पुढचा हंगाम असतो. मालक तेच, तंबू तोच, करार पुढे चालू. महाविद्यालयाच्या संघात तिसऱ्या वर्षाचे तीन-चार जण असतात. त्यांना पुढचा हंगाम नाही. त्यातल्या एखाद्याच्या घरी उसाची लागण असते, एखादा पोलीस भरतीच्या मागे असतो, एखाद्याला पुण्याला कंपनीत जायचे असते. त्यांच्या आयुष्यातला मॅटवरचा शेवटचा सामना आपण एका मुलाच्या शिक्षणासाठी खर्च करायचा का? पराभव ही गुंतवणूक असते असे ज्याला पुढे यायचे आहे त्याने म्हणावे. जे आज संपणार आहेत त्यांच्या वाट्याला फक्त तोटा येतो.

क्रीडाशिक्षक: ते तिघे-चौघे महत्त्वाचे आहेतच. पण आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना हा केवळ चषकाचा सामना नसतो, आबा. विद्यापीठाचा संघ निवडणाऱ्यांची नजर तिथेच असते. तिथे दिसलेला मुलगा पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, राज्याच्या ‘अश्वमेध’ महोत्सवाला जातो. विद्यापीठाचा गणवेश अंगावर चढला की पुढची दारे उघडतात, खेळाडूंसाठीच्या राखीव जागांचा विचार करता येतो. हे दार बाकावरून दिसत नाही. निवड समितीला पाण्याची बाटली धरलेला हात दिसतो, चढाई दिसत नाही. मुख्य चढाईपटू धडधाकट असताना त्याला बसवा असे कुणी म्हणत नाही. पण तो नसतानाही या मुलाला उठवायचे नाही, तर मग राखीव म्हणून त्याचे नाव लिहायचे कशाला? बारा जणांत नाव घालणे म्हणजे त्याला दिलेला शब्द आहे. गरज पडली की उतरवू, असा.

आणि तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. कबड्डीत बदली गडी उतरवला की दोर कापले जात नाहीत. गरज पडली तर त्याला परत बोलावून दुसरा पाठवता येतो. क्रिकेटमध्ये अकरांची यादी दिली की दिली. इथे नवख्याला मोजून वापरता येते. समोर सहा किंवा जास्त गडी उभे असतात तेव्हा बोनस रेषा खुली असते, निदानरेषेच्या एक मीटर पुढे. त्या वेळी त्याला सांगायचे, कुणाला शिवू नको. एक पाय रेषेपलीकडे टाक, मागचा पाय उचल, आणि परत ये. असा एक गुण आला की छातीतला धडधडाट निम्मा होतो. दोन-तीन चढाया अशा झाल्यावर मग हात लावायला पाठवायचे. मुलाला थेट खोल पाण्यात का टाकायचे?



जुना खेळाडू: समोरच्यांचा कर्णधार काय झोपलेला असतो? नवा मुलगा दोनदा बोनसला आला की तो कोपऱ्यांना एक पाऊल आत घेतो आणि चवड्यासाठी वाट पाहतो. तिसऱ्यांदा पाय टाकला की घोटा त्याच्या हातात. मुलाला मोजून वापरायचे तर संघ पुढे असावा लागतो, किंवा निदान बरोबरीत. मागे पडलो की मोजमाप संपते. त्यात तिसऱ्या चढाईचा नियम जिथे लागू आहे तिथे दोन रिकाम्या चढायांनंतर गुण आणायचाच, नाहीतर गडी बाद. रिकाम्या चढाया नवख्याने केल्या आणि ती तिसरी चढाई कुणावर आली? संघातल्या दुसऱ्या कुणावर तरी. म्हणजे जोखीम नाहीशी झाली नाही, फक्त शेजाऱ्याच्या खात्यावर गेली. आणि सर्वांत वाईट पद्धत ती आपल्याकडे सर्रास दिसते. लंगडणाऱ्या गड्याला पस्तीस मिनिटे खेळवायचे, सामना हातातून जायला लागला की शेवटच्या पाच मिनिटांत नवख्याला ढकलायचे. जिंकला तर आमची चाल, हरला तर पोरगे कच्चे. गावात परत गेल्यावर चहाच्या टपरीवर जे ऐकून घ्यावे लागते ते त्या पोराला, निर्णय घेणाऱ्याला नाही.

क्रीडाशिक्षक: इथे तुमच्याशी भांडण नाही. उतरवायचा तर पहिल्या मिनिटापासून, किंवा मग अजिबात नाही. अमेरिकेतल्याच अलाबामाच्या संघाने नवख्याला उशिरा उतरवले तेही मध्यंतराला, शेवटच्या पाच मिनिटांत नाही. 8 जानेवारी 2018 चा अंतिम सामना, जॉर्जिया मध्यंतराला 13-0 पुढे. प्रशिक्षक निक सेबन यांनी ज्याच्या हाताखाली संघ 27 पैकी 25 सामने जिंकला होता त्या जेलन हर्ट्सला बसवले आणि पहिल्या वर्षाच्या तुआ टागोवायलोआला अर्धा सामना दिला. पूर्ण अर्धा. चुका करायला आणि त्या भरून काढायला वेळ दिला. त्याने चूक केलीही, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. तरी जादा वेळेत संघ 26-23 जिंकला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, विभागीय अजिंक्यपदाच्या सामन्यात तुआ जायबंदी झाला तेव्हा बाकावरून उठला तो हर्ट्स, आणि त्याने त्याच जॉर्जियाविरुद्ध 35-28 असा सामना जिंकून दिला.

जुना खेळाडू: म्हणजे दुसऱ्या वेळी बाकावर कोण होता ते तुम्हीच सांगितले. अंतिम सामना खेळलेला गडी. तो संघ भाग्यवान नव्हता. त्याच्या बाकावर बसलेल्यांनी सामने पाहिले होते आणि खेळलेही होते. प्रश्न अंतिम सामन्याच्या सकाळी सुटत नाही. साखळी सामन्यांत आपण 40-12 असे पुढे असतो तेव्हाही मुख्य चढाईपटू मैदानातच का असतो? कारण त्याला गुण वाढवायचे असतात, सरांना फरक वाढवायचा असतो, आणि बघणाऱ्यांना त्याची चढाई बघायची असते. तो वेळ नवख्याच्या मालकीचा होता. तिथे तो दिला नाही आणि अंतिम सामन्यात एकदम आठवण झाली, तर त्याला मी धाडस म्हणणार नाही.

क्रीडाशिक्षक: साखळीत वेळ दिला नाही हा दोष शिक्षकांचा, मान्य. पण दोष कुणाचा हे ठरल्याने अंतिम सामन्याच्या सकाळी काय करायचे ते ठरत नाही. जो वेळ दिला नाही तो दिला नाही. आता मुलगा समोर आहे, घोटा सुजलेला गडी शेजारी आहे. शिक्षकाच्या चुकीची शिक्षा म्हणून मुलाला आणखी एक सामना बसवायचा, हे उलटेच झाले. मुलींच्या संघात तर अनेकदा बाकावर दुसरी चढाईपटूच नसते. तिथे हा वाद घालायचीही सोय नाही, जी आहे तिला उतरवावेच लागते. आणि तशा मुली खेळून जातात. गरज ही निवड नसते म्हणून त्यांना कुणी कच्चे ठरवत नाही. मुलांच्या संघात निवड आहे, म्हणून आपण भितो.

जुना खेळाडू: भीतीचे म्हणाल तर ती मुलाची कमी, आपली जास्त, हे खरे असेल. तरीही अंतिम सामन्याच्या सकाळी विचारले तर उत्तर तेच राहील. मुलाने यात्रेत, गावच्या मैदानात, कुठेही, गर्दीपुढे खेळलेले असेल तर उतरवा, पहिल्या चढाईपासून, आणि तीनदा बाद झाला तरी मध्यंतरापर्यंत परत बोलावू नका. नसेल खेळला, तर कोपरारक्षकाला चढाईला पाठवा आणि उघडा पडलेला कोपरा मध्यरक्षकाने सांभाळावा. तो सामना कदाचित हराल. पण सात जण मिळून हराल.

क्रीडाशिक्षक: आणि इकडचे उत्तर असे, की कोपरा उघडा ठेवण्यापेक्षा मुलाला उतरवा, गर्दी पाहिलेली असो वा नसो. कोपरारक्षक आपल्या जागी राहिला तर सामना पकडीवर धरून ठेवता येतो. समोर तीन किंवा कमी गडी उरले असताना चढाईपटूला धरले तर जादा गुण मिळतो. पकड शाबूत असेल तर मागे पडलेला संघही तिथून परत येतो. चढाईला आलेले अपयश पकड झाकते, पकडीला आलेले अपयश कोणी झाकत नाही. या एका गोष्टीवर आपले जमणार नाही, आबा.

जुना खेळाडू: नको जमू दे. पण पुढचा हंगाम सुरू होईल तेव्हा पहिल्या फेरीत, संघ वीस गुणांनी पुढे असताना, मध्यंतरानंतर मुख्य चढाईपटूला बाहेर बोलवा आणि बाकावरच्या मुलाला वीस मिनिटे द्या. तेवढे करा, सर. मग त्या वर्षीच्या अंतिम सामन्याआधी कुणाचाही घोटा सुजला तर हा वाद घालायला मी येणार नाही.